महासाथीचा काळ आणि मुलींची शाळा

प्रश्नाचे स्वरूप

रोगाची साथ आली म्हणजे समाज आपली दारे लावून घेतो. बाजार मंदावतात, जत्रा रद्द होतात, आगगाड्या थांबतात. आणि या सर्वांबरोबर, बहुधा सर्वांच्या आधी, शाळा बंद होतात. ३० जानेवारी २०२० रोजी करोनाचा भारतातील पहिला रुग्ण केरळात आढळला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे जाहीर केले. मार्चच्या मध्यापासून ठिकठिकाणच्या शाळा बंद होऊ लागल्या व २५ मार्चपासून संपूर्ण देशात टाळेबंदी लागू झाली. युनिसेफच्या हिशेबाप्रमाणे २०२० मध्ये भारतातील सुमारे १५ लाख शाळा बंद राहिल्या आणि त्यांत शिकणाऱ्या २४ कोटी ७० लाख मुलामुलींच्या शिक्षणावर त्याचा परिणाम झाला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात अनेक राज्यांनी वरचे वर्ग हळूहळू उघडले. २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसऱ्या लाटेने ते पुन्हा मिटले. खालच्या वर्गांतील असंख्य मुलांना तर दीड-दोन वर्षे वर्गाचे दर्शन घडले नाही.

त्या काळात शिक्षणाविषयी पुष्कळ चर्चा झाली. अभ्यासक्रम किती कमी करावा, परीक्षा घ्याव्या की घेऊ नयेत, पाठ दूरचित्रवाणीवरून द्यावे की मोबाइलवरून, या प्रश्नांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. हे प्रश्न महत्त्वाचे होते यात शंका नाही. तथापि आणखी एक प्रश्न तितक्या आस्थेने विचारला गेला नाही. शाळा बंद असताना विद्यार्थिनीच्या मनाचे काय होते, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कोणाची?

या पुस्तिकेत मांडलेले मत थोडक्यात असे आहे. इमारत बंद ठेवणे हा आरोग्यविषयक निर्णय असून तो प्रसंगी अपरिहार्य ठरतो. परंतु विद्यार्थिनीशी असलेला संबंध तोडणे हा कोणत्याही शास्त्राने सांगितलेला उपाय नव्हे. दार बंद झाले तरी हजेरीपट उघडा राहिला पाहिजे. पटावरील प्रत्येक मुलीची नावानिशी विचारपूस करणे हे शाळेचे पहिले कर्तव्य होय, पाठ त्यानंतरचा. आणि हे कर्तव्य ऐनवेळच्या सद्भावनेवर न सोडता प्रत्येक मुलींच्या शाळेने त्याची लेखी योजना आधीच तयार ठेवली पाहिजे.

शाळा का बंद होतात

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या रोगात माणसाच्या बोलण्याबरोबर, खोकण्याबरोबर सूक्ष्म थेंब व त्यांहूनही लहान कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीतील हवेत काही काळ तरंगत राहतात. दाटीने बसलेला वर्ग किंवा एका दालनात वीस-पंचवीस खाटा मांडलेले वसतिगृह म्हणजे अशा प्रसाराला अनुकूल जागा. नव्या विषाणूविषयी फारशी माहिती नसताना पहिल्या काही आठवड्यांत शाळा बंद करणे शहाणपणाचेच होते. पुढे असे दिसून आले की, या रोगाने मुलांना गंभीर आजार होण्याचे प्रमाण प्रौढांच्या मानाने फार कमी आहे. मात्र मुले घरातील वृद्धांना रोगाचा संसर्ग देऊ शकतात, म्हणून तेवढ्याने प्रश्न मिटला नाही.

या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीचा एक दाखला उद्बोधक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क व शिकागो या शहरांनी त्या उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचे म्हणणे असे होते की, शहरातील बहुसंख्य विद्यार्थी अंधाऱ्या, दाटीवाटीच्या चाळवजा घरांत राहतात. तेथे दिवसभर कोंडून राहण्यापेक्षा डॉक्टर व परिचारिका ज्यांवर नजर ठेवतात अशा स्वच्छ, हवेशीर वर्गांत ती अधिक सुरक्षित असतील. हा निर्णय सर्वत्र लागू पडेल असे नाही. ज्या शाळेत परिचारिका नाही आणि खिडकीही उघडत नाही, तेथे हा युक्तिवाद टिकणार नाही. परंतु कोपलँड यांची विचार करण्याची पद्धत घेण्यासारखी आहे. शाळेत धोका किती, एवढेच त्यांनी विचारले नाही. घरी काय वाढून ठेवले आहे, हेही विचारले. मुलींच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न टाळून चालत नाही.

मुलीच्या आयुष्यातील शाळेचे स्थान

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचे उदाहरण घ्यावे. ही योजना २००४ मध्ये सुरू झाली. शिक्षणात मागासलेल्या तालुक्यांत वरच्या प्राथमिक वर्गांतील मुलींसाठी निवासी शाळा काढाव्या, त्यांतील ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्य समाजांतील मुलींना आणि उरलेल्या २५ टक्के दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना द्याव्या, असा तिचा आराखडा आहे. आज देशात अशी पाच हजारांहून अधिक विद्यालये मंजूर असून अनेक ठिकाणी ती बारावीपर्यंत वाढविण्यात आली आहेत. मार्च २०२० मध्ये देशातील शाळांबरोबर ही वसतिगृहेही रिकामी झाली आणि मुली आपापल्या गावी, पाड्यांवर, मजुरीवाचून बसलेल्या आईबापांकडे परतल्या.

अशा मुलीच्या दृष्टीने शाळा म्हणजे केवळ पाठ्यपुस्तक नव्हे. तेथे तिला वेळेवर अन्न मिळते. माध्यान्ह भोजनाच्या नियमाप्रमाणे वरच्या प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने देणारे जेवण मिळावयास हवे. निवासी शाळेत तर दिवसाची सर्वच जेवणे शाळेत होतात. तेथे तिला आठवड्याला एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी मिळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, हे ध्यानी घेता या गोळीचे मोल कळते. पाळीच्या दिवसांत लागणारे सॅनिटरी पॅड अनेकींना शाळेतूनच मिळतात व त्याविषयी निःसंकोच बोलता येईल अशी बाईही तेथेच भेटते.

याहून मोलाच्या परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या आणखी तीन गोष्टी शाळा देते. पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचा वेळ. घरी असलेली बारा वर्षांची मुलगी रिकामी नसते. पाणी, सरपण, धाकटी भावंडे, स्वयंपाक यांत तिचा दिवस सरतो. भाऊ आणि बहीण दोघेही घरी बसले, तर सुट्टी भावाला मिळते. बहिणीला काम मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे मैत्रिणी. मुलगा टाळेबंदी सैल होताच पारावर किंवा मैदानात जाऊन बसतो. मुलीला त्या वयात घराबाहेर जाण्याचे मान्य कारण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे शाळा. तिसरी गोष्ट म्हणजे नात्याबाहेरच्या जाणत्या माणसाची नजर. मुलगी खंगते आहे, गप्प झाली आहे, तिच्या अंगावर वळ आहेत, तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, हे सर्वांत आधी ध्यानात येते ते वर्गशिक्षिकेच्या. शाळा बंद झाली की ही नजरही मिटते.

लग्नाचा उल्लेख अकारण केलेला नाही. वरील पाहणीप्रमाणे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. महासाथीचे परिणाम म्हणून २०३० पर्यंत जगात आणखी एक कोटी मुली बालविवाहाच्या धोक्यात येतील, असा अंदाज युनिसेफने मार्च २०२१ मध्ये वर्तविला. कुटुंबाची मिळकत थांबते, खाणारी तोंडे तेवढीच राहतात, लग्न थोडक्यात व कमी खर्चात उरकता येते आणि मुलगी तर घरीच बसलेली असते; अशा वेळी बाप जो निर्णय घेतो, त्याला विरोध करणारे कोणी आसपास उरत नाही.

शाळेची जागा मोबाइल घेईल ही अपेक्षाही मुलींच्या बाबतीत फार अपुरी ठरली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभर घरांपैकी सुमारे १५ घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. ज्या घरी फोन होता, तेथेही तो कोणाच्या हाती असे हे पाहिले पाहिजे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरण्यासाठी मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या. पुरुषांत हे दुसरे प्रमाण ५७ टक्के होते. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. ते कामावर गेले म्हणजे वर्गही त्यांच्याबरोबर गेला.

मनाचे शास्त्र काय सांगते

मनःस्वास्थ्य हा शब्द उच्चारताच वेडाचे रुग्णालय डोळ्यांपुढे आणणारे लोक अद्याप आहेत. वस्तुतः त्याचा अर्थ साधा आहे: झोप लागणे, भूक लागणे, अभ्यासात व खेळात चित्त रमणे, दुःख झाले तर रडता येणे व नंतर सावरता येणे.

संकटाची चाहूल लागली की शरीर त्याला तोंड देण्यासाठी सज्ज होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथींकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो. हृदय जलद चालते, रक्तातील साखर वाढते, कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. वाघ समोर आला असता ही सज्जता प्राण वाचविते. परंतु जेव्हा संकट दिसत नाही, संपतही नाही आणि उद्या काय होईल हे कोणी सांगू शकत नाही, तेव्हा ही सज्जता आठवडे नि महिने टिकून राहते आणि शरीरालाच जाचू लागते. झोप उडते, पोट दुखते, डोके जड होते, वाचलेले लक्षात राहत नाही, चिडचीड वाढते. म्हणून 'अभ्यासात लक्ष नाही' ही तक्रार पुष्कळदा आळसाची नसून भीतीची असते.

किशोरवयात या गोष्टी अधिक तीव्र होतात. या वयात भावना जागविणारी मेंदूतील केंद्रे जोमाने काम करू लागतात. त्यांना आवर घालणाऱ्या कपाळामागील भागाची घडण मात्र विशी उलटेपर्यंत पूर्ण होत नाही. समवयस्कांचा सहवास ही या वयाची चैन नसून वाढीची गरज आहे. मानसिक विकारांपैकी निम्म्या विकारांचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्या वयाच्या मुली शाळेत असतात, तेच वय सर्वांत जपण्याचे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा व निकाल यांचा निर्देश ८१ टक्के विद्यार्थ्यांनी केला. ऑनलाइन शिकणे अवघड गेले असे ५१ टक्क्यांनी सांगितले. प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो असे सांगणारे २८ टक्के होते. ज्या मुलाला पाठातील शंका विचारण्यासही संकोच वाटतो, ते आपल्या मनातील भीती आपण होऊन कोणापुढे मांडील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. विचारण्याचा पुढाकार शाळेनेच घेतला पाहिजे.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दुःख आणि आजार या निराळ्या गोष्टी आहेत. आजी गेली म्हणून रडणारी मुलगी रुग्ण नव्हे. बहुसंख्य मुलींना औषधाची आवश्यकता नसते. त्यांना खरी व समजेल अशी माहिती, दिवसाचा ठरलेला क्रम आणि आपले ऐकून घेणारे माणूस हवे असते. थोड्या मुलींना शिक्षिकेकडून अधिक लक्ष हवे असते. त्याहूनही थोड्यांना वैद्यकीय उपचार लागतात. झोप, भूक, बोलणे यांत पडलेला फरक दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी आली, तर विलंब न लावता डॉक्टरांचे साह्य घ्यावे. आत्महत्येविषयी सरळ व सहृदयपणे विचारल्याने तो विचार मुलीच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने तिच्या मनावरील ओझे हलके होते.

अनुभवाची साक्ष

शाळा बंद होण्याचा मुलींवर काय परिणाम होतो, हे करोनापूर्वीही एका देशाने अनुभविले होते. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात २०१४ मध्ये इबोलाची साथ पसरली. तेथील शाळा सुमारे नऊ महिने बंद राहून १४ एप्रिल २०१५ रोजी उघडल्या. मधल्या काळात अनेक किशोरवयीन मुली गरोदर राहिल्या. आणि शाळा उघडताना सरकारने गरोदर मुलींना नेहमीच्या वर्गात बसण्यास बंदी केली. साथीने ज्यांचे नुकसान केले, त्यांनाच पुन्हा शिक्षा झाली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या सामायिक न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही बंदी बेकायदा ठरविली आणि मार्च २०२० मध्ये ती उठली. त्याच देशात काही खेड्यांत ब्रॅक या संस्थेने किशोरींची मंडळे चालविली होती. तेथे मुली एकत्र जमत, आरोग्याची माहिती घेत, काही कसब शिकत व एका वडीलधाऱ्या मार्गदर्शिकेशी बोलत. साथीचा तडाखा ज्या भागांना अधिक बसला, तेथे अशी मंडळे असलेल्या गावांतील मुलींची शाळेतील गळती मंडळे नसलेल्या गावांच्या मानाने बरीच कमी आढळली. शाळेला पर्याय म्हणून नव्हे, तर शाळेचा धागा तुटू नये म्हणून अशी जागा किती उपयोगी पडते, याचा हा पुरावा आहे.

भारतातही २०२० मध्ये असे धागे जोडण्याचे प्रयत्न झाले. केरळात १ जूनपासून 'फर्स्ट बेल' या नावाने दूरचित्रवाणीवर पाठ सुरू झाले आणि त्या राज्याच्या पोलिसांनी मुलांसाठी 'चिरी' ही दूरध्वनी सेवा उघडली. मलयाळम भाषेत चिरी म्हणजे हसू. महाराष्ट्रात सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. झारखंडातील दुमका जिल्ह्यात डुमरथर या गावी घरांच्या मातीच्या भिंतींवर फळे रंगवून मुलांना दारापुढे अंतर राखून बसविण्यात आले. केंद्र सरकारने २१ जुलै रोजी 'मनोदर्पण' हा उपक्रम व त्याची दूरध्वनी सेवा सुरू केली. भिंतींवरील पाठांची खरी शिकवण अक्षरांपुरती नव्हती. शिक्षक वस्तीत दिसत होता आणि मुलीला दारात बसण्याचे कारण मिळाले होते, हा तिचा गाभा.

या प्रयत्नांचे मोल मान्य करूनही म्हणावे लागते की, त्यांपैकी बहुतेक प्रयत्न संकट आल्यानंतर, कोणा एका शिक्षकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या पुढाकारातून जन्मले. ज्या गावी असा शिक्षक नव्हता, तेथील मुलगी विसरली गेली.

शाळेने काय करावे

योजना लेखी असावी आणि तिचा आरंभ पटापासून व्हावा. प्रत्येक विद्यार्थिनीपुढे तिच्या घरापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग नोंदलेले असावे: एक दूरध्वनीचा आणि दुसरा माणसाचा. हा माणूस म्हणजे त्या गावातील आशा कार्यकर्ती, अंगणवाडीताई किंवा वरच्या वर्गातील जबाबदार मुलगी. शक्यतो आईचा दूरध्वनी नोंदवावा. पंधरा-वीस मुलींमागे एक शिक्षिका नेमावी व तिने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी प्रत्येकीशी बोलावे. ही ठरलेली वेळ महत्त्वाची आहे. ज्या दिवसांना आकार उरलेला नाही, त्यांना तिच्यामुळे आकार येतो.

बोलताना प्रथम अभ्यास विचारू नये. झोप लागते का, जेवण होते का, या आठवड्यात कोणत्या मैत्रिणीशी बोललीस, घरी कोणी आजारी आहे का, हे विचारावे. फोन बहुधा घरच्यांच्या समोर घेतला जातो, याचे भान असावे. म्हणून प्रश्न असे असावे की त्यांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता यावे. आणि शाळा चालू असतानाच मुलींशी एखादा साधा शब्द ठरवून ठेवावा, जो उच्चारला म्हणजे शिक्षिकेने समजावे की मुलीला एकान्तात बोलावयाचे आहे. गुप्ततेचे वचन देताना मात्र सावध असावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. 'तुझ्या रक्षणासाठी जेवढ्यांना सांगावे लागेल तेवढ्यांनाच सांगेन,' हे वचन खरे व पुरेसे आहे. १०९८ हा बालकांच्या साह्याचा आणि १४४१६ हा २०२२ पासून चालू असलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ असावा.

दुसरी गोष्ट शिध्याची. शाळा बंद असताना भोजनाऐवजी धान्य किंवा भत्ता द्यावा, अशी सूचना केंद्राने मार्च २०२० मध्येच राज्यांना दिली होती. या वाटपाच्या वेळी त्याच पिशवीत चार आठवड्यांच्या लोहगोळ्या, सॅनिटरी पॅड, एक वही, ग्रंथालयातील एक पुस्तक आणि शिक्षिकेच्या हातची चार ओळींची चिठ्ठी घालता येते. वाटप मुलीने स्वतः येऊन घ्यावे असे ठेवले, तर महिन्यातून एकदा ती डोळ्यांना दिसते. आणि जी येत नाही तिच्याकडे जाण्याचे कारण मिळते.

तिसरी गोष्ट पालकांशी बोलण्याची. मुलीला रोज दोन तास घरकामातून मोकळीक द्यावी, एवढी एकच मागणी शाळेने नेटाने करावी. ती मान्य करणारे पालक पुष्कळ भेटतात. त्यांना ती कोणी केलेली नसते, इतकेच.

चौथी गोष्ट परतीची. शाळा पुन्हा उघडते तो दिवस म्हणजे संकटाचा शेवट नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सर्वोच्च न्यायालयास दिलेल्या माहितीवरून असे दिसते की, एप्रिल २०२० पासूनच्या काळात आई, वडील किंवा दोन्ही गमावलेल्या मुलांची संख्या, मृत्यूचे कारण कोणतेही धरता, सुमारे १ लाख ४७ हजार होती. अशी मुले वर्गात येऊन बसली असता पहिल्याच आठवड्यात चाचणी परीक्षा घेणे हे कठोरपणाचे आहे. पहिले दोन आठवडे बोलण्यासाठी, खेळण्यासाठी, मृतांची आठवण काढण्यासाठी आणि कोण किती मागे पडले आहे हे शांतपणे जाणण्यासाठी ठेवावे. जिचे लग्न झाले, जी गरोदर आहे, जी वर्षभर मजुरीला गेली, तिलाही दार उघडे असावे आणि वर्गात तिची मान खाली जाणार नाही, हे मुख्याध्यापिकेने जातीने पाहावे.

काही आक्षेप

असे म्हटले जाईल की, शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे. साथीच्या काळात तर सर्वेक्षणापासून धान्यवाटपापर्यंत अनेक कामे त्यांच्यावर पडली. ही तक्रार रास्त आहे. परंतु तिचे उत्तर इतर कामे कमी करणे हे आहे. मुलींची विचारपूस हे काम दुसऱ्या कोणाला करता येत नाही, कारण मुलीचा विश्वास दुसऱ्या कोणावर नसतो. शिक्षिकाही माणूसच आहे; तिच्याही घरी आजार व मृत्यू येतो. म्हणून सहकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून एकमेकींचे ऐकणे, हा योजनेचाच भाग असावा.

दुसरा आक्षेप असा की, मनाचे प्रश्न तज्ज्ञांनी सोडवावे. भारतात एक लाख लोकवस्तीमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पडत नाही. तज्ज्ञाची वाट पाहणारी खेड्यातील मुलगी वाटच पाहत राहील. शिवाय सांगितलेल्या कामांपैकी बहुतेक कामांना तज्ज्ञ लागत नाही. माणुसकी, थोडे शिक्षण आणि डॉक्टरांकडे केव्हा पाठवावे याची जाण पुरते. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्येच आखली होती. काही आठवड्यांतच शाळा बंद झाल्या. ती योजना आता मनोभावे राबविण्यास कोणतीही अडचण नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मुली शाळा सोडून जातील ही भीती खरी ठरली नाही, असे आकडे सांगतात. 'असर' या पाहणीनुसार ११ ते १४ वयोगटातील पटाबाहेरच्या मुलींचे प्रमाण २०१८ मध्ये ४.१ टक्के होते. ते २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आले. १५-१६ वयाच्या मुलींत ते १३.५ वरून ७.९ टक्क्यांवर उतरले. ही आनंदाची गोष्ट असून भारतीय पालकांच्या शिक्षणावरील श्रद्धेची ती साक्ष आहे. परंतु त्याच पाहणीत, दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २७.२ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरलेले दिसते. पटावर नाव असणे, शिकणे आणि सुखरूप असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजली जाते. दुसरी मोजण्यास आता कोठे आरंभ झाला आहे. तिसरी अद्याप फारशी कोणी मोजत नाही.

समारोप

साथीचे संकट आणि मुलींचे शिक्षण यांचा संबंध या देशाला नवा नाही. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालविण्यास पुढे आलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने १० मार्च रोजी निधन पावल्या. शिकविणे आणि सांभाळणे ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामे नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल याविषयी मात्र शास्त्रज्ञांत दुमत नाही. पूर, दुष्काळ, उष्म्याची लाट या कारणांनीही शाळा बंद होतात व यापुढेही होतील. आग विझविण्याची बादली आग लागण्यापूर्वी भरून ठेवावी लागते. प्रत्येक मुलींच्या शाळेने पटावरील नावांपुढे दोन मार्ग लिहून ठेवणे, शिक्षिकांत मुली वाटून देणे आणि वर्षातून एक आठवडा या योजनेची रंगीत तालीम करणे, याला फार पैसा लागत नाही. शिक्षणखात्यांनी शाळातपासणीच्या वेळी इमारत व निकाल यांबरोबर ही नोंदवहीही पाहावी. पुन्हा कधी शाळेच्या दाराला कुलूप लावावे लागले, तर त्या दिवशी सायंकाळी प्रत्येक मुलीला ठाऊक असावे की, येत्या आठवड्यात ठरलेल्या वेळी आपले नाव कोणी तरी पुकारणार आहे.